खड्यांचा डबा

पंचसाहेब, तुम्ही खोटं बोललात. घोडी जात्याच वाईट, म्हणून तिनं जॉकीला चिरडलं, असं तुम्ही चौकशीत सगळ्यांदेखत सांगितलंत. तो जॉकी माझा सख्खा भाऊ. आणि घोडी माझ्या हाताखालची. तिचा खरारा, दाणापाणी सगळं मीच करते. तेव्हा आता माझंही ऐकून घ्या.

पाय तिचे वेगवान होतेच. ट्रेनरचं तेवढ्यानं भागलं नाही. रोज सकाळी सरावाला तिला शर्यत जिथून सुटते त्या गेटच्या अरुंद खणात कोंडायचे. मागे एक माणूस पत्र्याच्या डब्यात खडे घेऊन उभा. डबा खडखडला की पुढचं दार उघडायचं आणि ती जीव घेऊन पळायची. काही दिवसांनी नुसतं दार पुरेसं झालं. डबा तिच्या डोक्यातच वाजत असावा. छोट्या पल्ल्याच्या शर्यतीत पहिल्या झेपेलाच निम्मा निकाल लागतो. ती जिंकत गेली. लोक म्हणायचे, काय जिगर आहे. मी तिचा घाम पुसायचे. तो जिगरीचा नव्हता.

वय झालं तशी ती सुटताना रेंगाळू लागली. शेवटच्या शर्यतीच्या सकाळी ट्रेनर दादाला म्हणाला, "आज मागे डबा असेल. घट्ट बस."

"शर्यतीत? नियमात बसतं ते?" मी विचारलं.

"तू लीद उचल."

तो गेल्यावर मी म्हटलं, "दादा, नको बसूस. मला धडकी भरलीय."

"तुला झुरळ बघूनही भरते."

"चेष्टा नको."

"अगं, मी नाही बसलो तर दुसऱ्या कुणाला बसवतील. अनोळखी माणूस पाठीवर आणि मागे डबा, मग तर ती भीतीनंच मरेल."

तो हसला खरा, पण हेल्मेटचा पट्टा त्याला लागेना. शेवटी मीच लावला.

घोडीला खणात घालून मी कठड्याशी उभी राहिले. शेजारचा घोडा आत जाईना. म्हणून शर्यत सोडणाऱ्यानं हात वर केला, थांबा म्हणून. तो हात बघून मागच्या माणसाला वाटलं, शर्यत सुटली. त्यानं डबा वाजवला.

दार बंद होतं.

घोडीनं शिकवलेलं तेच केलं. दारावर आदळली, दोन पायांवर उभी राहिली आणि मागे उलटली. खाली दादा होता.

गेटपाशी तुमचा एक पंच उभा होता. डबा वाजला तेव्हा त्यानं मान वळवलेली मी पाहिली. चौकशीत तोही गप्प बसला.

दादाला कमरेखालचं काही कळत नाही. काल म्हणाला, "तुझं झुरळच बरं होतं गं." मग तोंड भिंतीकडे केलं.

घोडीला गोळी घालायचा हुकूम तुम्ही काढलात. उद्या सकाळी तुमचा माणूस येईल. आता दाण्याचं पत्र्याचं माप जरा वाजलं तरी ती कोपऱ्यात शिरते, भिंतीला अंग घासून सोलून घेते. म्हणून मी दाणा ओच्यात घेऊन जाते, अनवाणी. ती आधी माझे हात हुंगते. दोन्ही. रिकामे आहेत याची खात्री झाली की मग खाते.

मी तुमच्या दारातून हलणार नाही. तुमचा माणूस यायच्या आत तुमच्या तोंडून ऐकायचंय, साहेब. डबा वाजला होता की नाही?