परशरामचं जंगल

"कारगिल?" भावकूनं फ्लेक्सवर बोट आपटलं. "ह्ये कुनी लिवलं?"

तरुण मंडळाचा अध्यक्ष युवराज शिडीवर उभा राहून देवळासमोरच्या खांबाला फ्लेक्स बांधत होता. तोंडात धरलेली सुतळी काढून तो म्हणाला, "का अण्णा, काय चुकलं?"

जे चुकलं होतं ते हातभर उंचीच्या अक्षरांत चुकलं होतं. वर कन्नड, खाली मराठी, मध्ये लष्करी टोपीतला परशरामचा फोटो आणि दोन्ही भाषांत एकच थाप: कारगिल वीर शहीद परशराम. शहरातल्या खडेबाजारातून सकाळीच छापून आणलेल्या फ्लेक्सचा वास अजून गेला नव्हता.

"कारगिल झालं नव्व्याण्णव साली. परशराम गेला अठ्ठ्याऐंशीला, लंकेत. मेल्यावर अकरा वर्सांनी लढाय गेलता काय रं त्यो?"

युवराज खाली उतरला. पोरगा तसा वाईट नव्हता. इतक्या वर्षांत गावानं परशरामची पुण्यतिथी कधी केली नव्हती, ती यंदा ह्यानंच मनावर घेतली होती. संध्याकाळी देवळासमोर पडदा लावून लढाईचा पिक्चर दाखवायचं ठरलं होतं. कुठला दाखवायचा हे विचारायला तो आठ दिवसांपूर्वी भावकूच्याच घरी आला होता, कारण भावकूचं वेड गुंजीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

वेड म्हणजे जंगलातल्या लढाईचे पिक्चर. तेही अमेरिकेची पोरं व्हिएतनामात लढतात ते, हिंदीत बोलणारे. परशरामच्याच पलटणीतून निवृत्त झाल्यापासून भावकू जेवणखाण आटोपलं की टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून बसायचा. "भावक्याचा व्हिएतनाम सुरू झाला," म्हणून शेजारीपाजारी हसायचे. हसोत बापडे. लंकेच्या जंगलात हजारावर आपली पोरं गेली, पण त्यांच्यावरचा म्हणावा असा पिक्चर भावकूला कधी सापडला नव्हता. मग करतो काय? परक्या पोरांच्या चेहऱ्यांत आपली पोरं शोधत बसायचा. त्याच्या सगळ्यात आवडत्या पिक्चरमध्ये एक तुकडी पावसात नुसती चालत राहते. शत्रू एकदाही दिसत नाही. गोळी कुठून येते कळत नाही आणि पायाखाली सुरुंग कधी फुटेल तेही कळत नाही. शेवटी एकजण घरी पोचतो, तर त्याला कुणी काही विचारतही नाही. भावकू ट्रंक घेऊन गुंजी स्टेशनात उतरला होता, तेव्हा त्यालाही एकानं एवढंच विचारलं होतं, "सुट्टी काय?"

तोच पिक्चर त्यानं युवराजला दिला होता. दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह परत आला. "अण्णा, ह्यात एक सोडून सगळी मरत्यात. शेवटी झेंडासुदा न्हाय. बायकापोरं येनार, कारगिलचा लावूया." भावकूनं तेही गिळलं होतं. पण पिक्चर बदलला म्हणून मेलेल्या माणसाचं मरणही बदलायचं?

"कुनी सांगितलं तुला कारगिल?"

युवराज घुटमळला. "काकूंनीच सांगितलं, अण्णा. बाळाबाईकाकूंनी."

भावकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परशरामच्या बायकोनंच सांगावं? तो तसाच तिच्या घराकडे सुटला. बाळाबाई अंगणात बसून रताळ्यांची माती झाडत होती.

"वैनी, कारगिल तुमी सांगितलासा?"

"व्हय."

"का?"

"बसा की भावजी."

"बसाय आलो न्हाय. का सांगितलासा?"

बाळाबाईनं हातातलं रताळं खाली ठेवलं. "पैली धा वर्सं मी लंकाच सांगत हुते. ब्यांकंत, तालुक्याला, पैपावन्यांत. सगळी इचारायची, तिकडं कशाला गेलते? मला काय म्हाईत कशाला गेलते? तुमाला तरी म्हाईत हाय काय?"

शांतिसेना म्हणून बोटीत बसवलं आणि उतरल्यावर बंदुका चालल्या, एवढंच भावकूला माहीत होतं. पाठवणाऱ्यांना तरी माहीत होतं की नाही, देव जाणे.

"मग कारगिल झालं," बाळाबाई म्हणाली. "मालक मिलिट्रीत गेले म्हटलं की मान्सं आपनच म्हनायची, कारगिलात काय? एकदा न्हाय म्हटलं, दोनदा न्हाय म्हटलं. तिसऱ्यांदा व्हय म्हटलं, तर साहेबानं उठून खुर्ची दिली. तवापास्नं कारगिलच सांगते. परवा सौम्यानं साळंत खरं सांगितलं, आज्जा लंकेत गेला म्हनून. पोरं म्हनाली, रावणानं मारलं काय? घरला येऊन रडली नात माझी. तिलाबी म्हटलं, कारगिल सांग."

बाईवर रागवावं म्हणून भावकू आला होता. राग होताच, पण तो आता बाळाबाईवर राहिला नव्हता. बाईमाणसाला नवऱ्याच्या मरणाची खोटी जागा सांगून खुर्ची मिळवावी लागते, हा कसला मान? जिंकलेल्या लढाईत मेला तर माणूस शहीद आणि नसत्या लढाईत मेला तर कुणाचाच कुणी नाही! त्याला त्या साहेबाचा, शाळेचा, अख्ख्या मुलखाचा संताप आला.

"वैनी, त्येनं जल्मात बरफ बगितला न्हवता. गुडघाभर चिखलात गेला त्यो."

"कसं गेलं ते मला कोन सांगितलंय?" बाळाबाईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमी काय म्हनालासा? चटकन गेला, तरास झाला न्हाय. एवढंच. रोज त्या गोऱ्या पोरांचं मरान बगत बसतासा. माझ्या मान्साचं मला सांगाय जीभ उचलली न्हाय तुमची."

भावकू माघारी फिरला. देवळापाशी युवराजनं विचारलं, "फ्लेक्स काढू काय, अण्णा?"

"ऱ्हाऊ दे."

दिवेलागणीला देवळासमोर गर्दी झाली. बाळाबाईला शाल-नारळ देऊन पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, शेजारी सौम्या होती. युवराजनं माइक भावकूच्या हातात दिला. "आता अण्णा आपल्याला कारगिलच्या आठवनी सांगतील."

भावकूनं फ्लेक्सकडे पाहिलं, मग सौम्याकडे. तो म्हणाला, "परशराम सगळ्यांच्या म्होरं चालायचा. वाट त्यो बगायचा आनी आमी त्येच्या पावलावर पाऊल ठिवायचो. त्येच्या म्हागनं चालली ती सगळी पोरं जित्ती घरला आली." कुठली वाट, कुठलं रान, ते ओठांवर येऊन परत गेलं. त्यानं माइक खाली ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जयजयकार केला आणि पडद्यावर बर्फाचे डोंगर उजळले.

तो घरी येऊन अंधारातच बसला. टाळ्या कानांत सलत होत्या. थोड्या वेळानं दार ढकलून बाळाबाई आत आली. शाल अजून खांद्यावरच होती.

"लावा तुमचं त्ये."

"वैनी, नगा."

"लावा म्हटलं न्हवं?"

त्यानं टीव्ही लावला. पाऊस, झाडं आणि एकामागे एक चाललेली पोरं. बाहेरून देवळापुढचं देशभक्तीचं गाणं ऐकू येत होतं. बाळाबाई जमिनीवर मांडी घालून पाहत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ह्यात आमचं ह्ये कुठलं?"

भावकूनं बोट केलं. सगळ्यांत पुढचा. बंदुकीनं पानं बाजूला सारत वाकून चाललेला किडकिडीत पोरगा.

पुढं काय होणार ते भावकूला तोंडपाठ होतं. तो रिमोटकडे वळला, पण बाळाबाईनं तो आधीच उचलून शालीखाली घेतला होता.

"इतकी वर्सं झाकलासा," ती म्हणाली. "आता बगू दे मला."

पुढच्या पोरानं हात वर करून मागच्यांना जागीच थांबवलं आणि एकट्यानं पाऊल उचललं. बाळाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.