पेन्सिलीच्या भुवया

रविवारी दुपारी परदेशातल्या केलीव्हिल उपनगरातल्या घरात चित्रा आपल्या अकरा वर्षांच्या लेकीला पेन्सिलीनं भुवया काढत बसली होती. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोरीला मेकअप कशाला? अहो, मेकअप कसला डोंबलाचा! मितालीला भुवया उरल्याच नव्हत्या. तिनंच उपटल्या होत्या. आधी अभ्यास करताना, मग टीव्हीसमोर, मग झोपेतसुद्धा. रोज सकाळी उशीवर बारीक केस दिसायचे आणि चित्रा ते गुपचूप झटकून टाकायची.

सुरुवात झाली ती सिलेक्टिव्ह शाळेच्या निकालापासून. परीक्षा देऊन प्रवेश मिळवायची ही शाळा. इथल्या मराठी मंडळातल्या आयांना दुसरा विषय नाही. मितालीनं मान मोडून कोचिंग केलं आणि तिला जागा मिळाली नाही. बरं, नाही तर नाही! आभाळ थोडंच कोसळलं होतं? पोरगी रडलीसुद्धा नाही. "इट्स फाइन," म्हणाली आणि जेवणाची ताटं उचलायला लागली.

"बघ, किती स्ट्राँग आहे माझी वाघीण!" विक्रांत म्हणाला. चित्रालाही हायसं वाटलं. शाळेत पालकांच्या वर्कशॉपला हेच तर सांगितलं होतं की मुलांना अपयश पचवता आलं पाहिजे. लेकीनं पचवलं. बापाला मात्र ते पचेना.

त्याच आठवड्यात पुण्याहून विक्रांतच्या वडिलांचा, अण्णांचा, फोन आला. "काय रे, निकालाचं काय झालं?" आणि हा शहाणा पटकन बोलून गेला, "मिळाली, अण्णा!" फोन स्पीकरवर होता आणि मिताली समोर सोफ्यावर. तिकडे अण्णांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. इकडे विक्रांतनं लेकीला जवळ घेऊन सांगितलं, "आजोबांना खरं सांगायचं नाही हं. त्यांची आत्ताच बायपास झालीये. त्यांना सहन नाही होणार."

जीभच हासडायला हवी होती त्याची! आपल्याला शाळा मिळाली नाही हे कळलं तर आजोबा मरतील, हे त्या लेकरानं त्या दिवशी मुकाट्यानं गिळलं.

चित्रानं काय नाही केलं? रात्री मुलीच्या हातात मोजे घातले, लाडीगोडी लावली, ओरडली. एकदा तर तिच्या हातावर फटकन चापट मारली आणि नंतर गॅरेजमध्ये जाऊन स्वतःच ढसाढसा रडली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, पण मुलांच्या मानसतज्ज्ञाकडे नंबर लागायला पुढचं वर्ष उजाडणार होतं. फोन कुठेही करा, उत्तर एकच, वेटिंग लिस्ट. तोवर पोरीनं काय काय उपटायचं?

आणि नवऱ्याला तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तो खचेल म्हणे! रोज सकाळी तो उठायच्या आत ती लेकीच्या भुवया काढायची, वर बटा ओढून घ्यायची. विक्रांत अण्णांशी जे करत होता तेच ही बाई विक्रांतशी करत होती, आणि दोघांचंही ओझं त्या एवढ्याशा जिवावर.

आज अण्णांची पंचाहत्तरी होती. तिकडे पुण्यात हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता आणि व्हिडिओ कॉलवरून त्यावर नातीचं जाहीर कौतुक व्हायचं होतं. मितालीनं आभाराची चार वाक्यं घोकून ठेवली होती.

"आई, थोड्या वर काढ ना," ती आरशात बघत म्हणाली. "हॅपी दिसल्या पाहिजेत."

चित्राचा हात थबकला. काय करतोय आपण हे? आपल्या हातानं पोरीच्या तोंडावर खोटं आयुष्य रंगवतोय! तिनं खोबरेल तेलात कापूस बुडवला आणि दोन्ही भुवया पुसून टाकल्या. बटा मागे घेऊन पिन लावली.

"व्हॉट आर यू डुइंग? आजोबा विल डाय!"

"कुणी मरत नाही," चित्रा म्हणाली. तिची तिलाच खात्री नव्हती.

"चला लवकर! सगळे ताटकळलेत," बाहेरून विक्रांत ओरडला. मिताली टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. पडद्यावर शाल पांघरलेले अण्णा, मागे टाळ्या वाजवणारे नातेवाईक. अण्णा हसत पुढे वाकले आणि त्यांचं हसू विरलं.

"विकी, पोरीच्या भुवया कुठे गेल्या रे?"

"कुठे जातील, अण्णा?" म्हणत विक्रांत वळला. त्यानं पाहिलं. "चित्रा, हे... कधीपासून?"

"तू पेढे वाटायला लावलेस ना, तेव्हापासून."

तो मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मितालीनं काय करावं? त्याच्या पाठीवरून हात फिरवला! "नो वरीज, बाबा. आय विल फिक्स इट." मग पडद्याकडे वळून हात जोडले. "आजोबा, सॉरी. मला नाही मिळाली शाळा. तुम्ही मरू नका, प्लीज."

चित्रा पुढे आली. "तू सॉरी म्हणायचं नाहीस! विक्रांत, ऊठ. तू बोल."

विक्रांत गुडघ्यांवर उठला. "अण्णा, मी खोटं बोललो. तिची काही चूक नाही."

अण्णांनी छातीवर हात ठेवला, तशी मिताली किंचाळली.

"नाही गं बाळा," ते घाईघाईनं म्हणाले. "हा बघ, चांगला बसलोय मी. आता जेवणार आहे. जिलबी आहे आज."

मिताली त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिचा ओठ वाकडा झाला, आणि निकालापासून एकदाही न रडलेली ती पोर घर हादरेल अशी रडायला लागली.

"रडू नको गं, तू स्ट्राँग..." विक्रांत सवयीनं म्हणाला. चित्रानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

रडता रडता मितालीची बोटं कपाळावर गेली आणि चाचपडू लागली. तिथं उपटायला काहीच उरलं नव्हतं. चित्रानं तो हात धरला, दुसरा विक्रांतनं धरला, आणि तिला रडू दिलं.