मांडीतून गालात

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्ही आपल्या घरात निवांत पहुडला आहात. अचानक कोणीतरी तुम्हाला एका नळीतून ओढून घेते आणि दुसऱ्याच घरात नेऊन ठेवते. त्या घरात अजून पाणी नाही, अन्न नाही. नळ जोडायला वेळ लागणार आहे. तुम्ही जीव मुठीत धरून बसला आहात आणि दर थोड्या वेळाने बाहेरून कोणीतरी भिंत दाबून विचारते आहे, "आहात ना आत?"

आता सांगा, चिडाल की नाही?

मी चरबीचा एक जुना थेंब आहे. जुना म्हणजे भिंगरीच्याच वयाचा. भिंगरी हे तिचे घरातले नाव, कारण ती एका जागी बसेल तर शपथ. तिच्याच मांडीत माझा जन्म झाला. ती बाकावर बसली की आम्ही तिची गादी होत असू. ती तापाने जेवेनाशी झाली की साठवलेले थोडेथोडे काढून देत असू. पण आमचे कौतुक कोणी केले? उलट कोणी उर्मटपणे बोलले की लोक म्हणतात, याला चरबी चढली आहे. आम्ही कधी कोणाला उलटून बोललो, ते तरी दाखवा!

एकदा भिंगरीच्या गालात मोठे गळू झाले. ते बरे झाले, पण जाताना तिथली चरबी घेऊन गेले आणि गालावर खळगा राहिला. ती हसली की तो अधिकच खोल दिसे. म्हणून तिने हसणेच आखडते घेतले. घरभर ऐकू जाणारे तिचे ते हसणे बंद झाले, हे सगळ्यांच्या जिवाला लागले होते.

दवाखान्यातल्या सर्जनबाईंनी सांगितले की तिच्याच मांडीतली चरबी काढून गालात भरता येईल. पहिल्या खेपेला माझे शेजारी गेले. गाल छान भरला. आणि मग सुरू झाली तपासणी! बाबा कामावर जाताना बोटाने दाबून पाहत, आल्यावर पुन्हा पाहत. आई पाहे, आजोबा पाहत. वरच्या मजल्यावरच्या काकू तर साखर मागायला येत आणि गाल दाबून जात. कोणाच्या मनात वाईट नव्हते हो! पण आत बिचारे थेंब चिरडत होते. काही महिन्यांत खळगा जवळजवळ होता तसा झाला.

सर्जनबाई म्हणाल्या की थोडे थेंब नेहमीच जातात, पण इतके जायला नको होते. मग त्यांनी विचारले, गालाला हात कोण लावत होते? बाबा छताकडे पाहू लागले. ते घरे रंगवण्याचे काम करतात, हे बाईंना ठाऊक होते.

"तुम्ही भिंत रंगवलीत आणि घरमालकानं ओल्या रंगाला रोज बोट लावून पाहिलं, तर काय कराल?"

"हात बांधून ठेवीन त्याचे," बाबा पटकन म्हणाले आणि लगेच त्यांचाच चेहरा पडला.

बाईंनी पुढे बजावले, "पोर काटकुळी आहे. मांडीत फार माल उरलेला नाही. ही खेप वाया गेली, तर आणखी काढायचं कुठून?"

या खेपेला माझा नंबर लागला. बाबांचे म्हणणे होते की एकदाच मोठा गोळा भरून टाका, म्हणजे काम पक्के होईल. बाईंनी मान हलवली. गोळ्याच्या मधल्या थेंबांपर्यंत रक्त पोचत नाही, ते उपाशी मरतात, असे त्यांनी समजावले. त्यांनी आम्हांला हलक्या हाताने, सावकाश ओढून घेतले. वारा लागू नये म्हणून झाकून ठेवले. रक्त आणि फुटलेल्या भावंडांचे तेल निथळू दिले. मग गालात बारीक बारीक वाटा करून, दोरा ओवावा तसे थोडेथोडे पेरले. माझ्या अंगाला चहूकडून जिवंत मांस लागले. त्याच्यातून जे पाझरेल त्यावर दिवस काढायचे आणि रक्ताची नवी नळी कधी येते याची वाट पाहायची, एवढेच आता माझ्या हाती होते.

घर या वेळी शहाण्यासारखे वागले. बाबा खिशात हात घालून हिंडत. भिंगरी उताणी झोपे, आणि तिच्यासारखीला ती मोठी शिक्षाच होती. मला वाटले, सुटलो एकदाचा.

तेवढ्यात आत्या आली. बाबांची ही थोरली बहीण. तिने बाबांना लहानाचे मोठे केले, त्यामुळे तिच्यापुढे बाबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. पोरीचा गाल भोपळ्यासारखा सुजलाय आणि तुम्ही खुशाल हातावर हात ठेवून बसलात, असे म्हणत हातातला सरबताचा पेला तसाच ठेवून ती तडक फ्रीजकडे गेली. रुमालात बर्फ गुंडाळून आली.

"ताई, ते तसं नसतं..." बाबा म्हणाले.

"तू गप्प बस. तुला काय कळतंय?"

बाबांनी हात पुन्हा खिशात घातले. आई आजोबांकडे पाहू लागली, आजोबा चष्मा पुसू लागले. मी आत कपाळ बडवून घेतले असते, पण मला कपाळ नाही. गारठ्याने रक्ताच्या नळ्या आक्रसतात. कालपरवा माझ्याकडे निघालेली कोवळी नळी तिथेच अडली असती, तर मी संपलो असतो.

मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. माया करा, खूप करा, पण जे नुकते कुठे रुजते आहे त्याला सारखा हात लावू नका. आणि कोणी मोठे माणूस मायेपोटी चुकत असेल, तर घाबरून गप्प बसू नका. गोडीने सांगा.

बर्फ गालाजवळ आला. भिंगरीने आत्याचे मनगट धरले.

"आत्या, सूज असू दे गं. आतले थेंब जगायची खटपट करतायत. त्यांना गार नको आणि दाब नको."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरबाईंनी. सगळ्यांना सांगितलंय, पण तुला सांगायची कोणाची छाती नाही."

आत्याने बाबांकडे पाहिले. बाबांनी जमिनीकडे पाहिले. भिंगरीने रुमाल अलगद काढून घेतला, बर्फ आत्याच्या सरबताच्या पेल्यात टाकला आणि तिचा मोकळा झालेला हात ओढून आपल्या दुसऱ्या गालावर ठेवला.