खापरवाडी रोडला गाडी थांबते

मी खापरवाडी रोड या रेल्वे स्टेशनचा देखावा बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी खरा नाही. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद, एवढंच माझं अंग. त्यावर स्टेशनची एक खोली, एक फलाट, एक पिवळी पाटी, तांब्याच्या तारेची नऊ झाडं आणि गोल फिरणारी तीन डब्यांची गाडी. ती दर फेरीला फलाटाशी थांबते, दहा सेकंद उभी राहते आणि पुढं निघते. एवढी वेळ पाळणारी गाडी तुम्ही पाहिली नसेल. तिच्यात बसून आजवर कोणी कुठं गेलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म सिरसाळ्याचा. बाजाराच्या रस्त्याला फकीरभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जळकी तार काढायची, नवी भरायची, हे त्यांचं काम. दुपारी लाईट गेली की हात रिकामे. मग ते दुकानाच्या मागच्या अंगाला माझ्याजवळ येऊन बसायचे.

दुकानाला शटर बसवलं तेव्हा जुनं दार निघालं. तेच माझं अंग. दाराला कडी-कोयंड्याचं एक मोठं भोक होतं. ते बुजवायचं जिवावर आलं म्हणून फकीरभाईंनी त्याच्याभोवती खडे चिकटवून विहीर केली. विहीर झाली म्हणताना स्टेशन तिच्या शेजारी हवं, गाडीतल्या माणसांना प्यायला पाणी लागतं. एवढ्या साध्या विचारानं माझं स्टेशन माझ्या डाव्या टोकाला, निळ्या रंगानं काढलेल्या गावच्या ओढ्याच्या पलीकडं आलं. हे नीट ध्यानात ठेवा. ती जागा कुठल्या साहेबानं मोजून काढली नव्हती. दाराच्या भोकानं ती ठरवली होती.

इंजिन पावडरच्या डब्याचं. त्याच्या पोटात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार. रूळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे आणि खालचे स्लीपर कुल्फीच्या काड्यांचे. गाडी थांबवायला एका मोडक्या वॉशिंग मशीनचा टायमर लावलेला. मोटारीतून निघालेली तार पिळून पिळून त्यांनी बाभळी केल्या, आणि त्या इतक्या हुबेहूब झाल्या की एकदा चिमणी येऊन बसली. बाभळ वाकली, चिमणी उडाली. फकीरभाई दिवसभर हीच गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत होते.

त्यांची बायको मदिनाबी डबा घेऊन यायची आणि बघून तोंड वाकडं करायची.

"लोकांच्या मोटारी जळून पडल्यात, पिकं वाळायलीत, अन् तुमी भातुकली खेळा."

"भातुकली न्हाई गं. आपल्या खापरवाडीचं स्टेशन हाय."

"खापरवाडीला धड एसटी येत न्हाई."

"म्हणून तर करायलोय."

खापरवाडी हे फकीरभाईंचं गाव. रेल्वे येणार हे त्यांच्या आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं आणि त्यांनीही ऐकलं. तरुणपणी त्यांनी वर्षभर परळीच्या फलाटावर चणे-फुटाणे विकले होते. स्टेशन गावापासून लांब असलं की नावापुढं 'रोड' लिहितात, हे ते तिथंच शिकले. म्हणून माझी पाटी 'खापरवाडी रोड'. पिवळ्यावर काळी अक्षरं. ती रंगवायला त्यांना तीन दुपारी लागल्या. मला आजही वाटतं, त्या तीन दुपारी तेवढ्या माझ्या खऱ्या सुखाच्या.

दुकानासमोर स्टँडच्या कडेला छबुबाईंचा चहा होता. चार बांबू, एक पत्रा, एक स्टोव्ह. नवरा जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, लेक नांदायला गेलेली. त्या फकीरभाईंना रोज दोनदा चहा द्यायच्या आणि कप न्यायला आल्या की माझ्याकडं बघत उभ्या राहायच्या. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची आस होती. जिथून कोणी ऊठ म्हणणार नाही अशी चार हात जागा. पत्र्याखालची ती जागा त्यांची नव्हती. साल-दोन सालांत कोणी ना कोणी येऊन उठवायचं, मग त्या दहा पावलं सरकायच्या आणि पुन्हा बांबू रोवायच्या.

एकदा फकीरभाईंनी आगपेटीएवढी टपरी केली. मेणाची बाई, हातात किटली. निळ्या रंगात बारीक अक्षरांत लिहिलं, 'छबुबाई टी स्टॉल'. आणि माझ्या स्टेशनच्या दारासमोर चिकटवली.

छबुबाई कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. "ही मी?" त्यांनी विचारलं.

"मग कोण? स्टेशन झाल्यावर च्या कोण पाजणार लोकांला?"

बाई हसल्या, पण पदर डोळ्याला लावला. फकीरभाईंना वाटलं, आपण मोठं काम केलं. मलाही तसंच वाटलं.

मग सुंदरराव आले. खापरवाडीचे बडे बागाईतदार, चार गावांत शब्द चालणारे. मोटार भरायला टाकली होती ती न्यायला आले आणि माझ्यापाशी थांबले. गाडीच्या सात फेऱ्या होईपर्यंत माझा ओढ्यापलीकडचा तुकडा बोटानं मापत राहिले. एवढा मोठा माणूस काय मापतोय हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर म्हणाले, "भाई, तुमी असले कलाकार अन् गावाला पत्ता न्हाई. तुमचा सत्कार केला पायजे."

आपल्याकडच्या सत्काराची गंमत तुम्हाला सांगायला नको. ज्याच्याकडून काही घ्यायचं असतं त्याला आधी शाल देतात. खापरवाडीच्या पारासमोर मंडप पडला. फकीरभाईंना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. माईकवर त्यांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा घेतलं गेलं, तेही 'कलामहर्षी' लावून. मदिनाबी बायकांत बसून रडत होती. मी स्टेजच्या मधोमध, सतरंजीवर.

सुंदरराव म्हणाले, "फकीरभाईंनी हा देखावा आज गावाला अर्पण केलाय. टाळ्या झाल्या पायजेत."

फकीरभाई असं काही बोललेच नव्हते. ते नुसते दचकले. पण डोक्यावर फेटा आणि हातात नारळ असताना माणूस नाही कसा म्हणणार? टाळ्या पडल्या आणि मी गावाचा झालो. गाव म्हणजे सुंदररावांची बैठक, हे संध्याकाळी टेम्पोत चढवताना कळलं.

पंधरा दिवसांनी मला ओढ्यापलीकडच्या माळावर नेलं. सुंदररावांचाच माळ. तिथं कुसळं सोडून कधी काही उगवलं नाही. आता तिथं चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, पताका लावल्या होत्या. एका टेबलावर मी, शेजारच्या टेबलावर प्लॉटचा नकाशा आणि सुंदररावांचा पुतण्या बजरंग. माझ्यापुढं अगरबत्ती लावली होती. माणसं चपला काढून मला बघायला येत. गाडी फलाटाशी थांबली की म्हातारे हात जोडत.

सुंदररावांनी एकदाही मला खरं म्हटलं नाही. त्यांची हुशारी मी मानतो ती यासाठी. कोणी विचारलं की ते नुसतं माझ्याकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा की, डोळ्यांनी दिसतंय." खोटं बोलायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

तिसऱ्या दिवशी छबुबाई आल्या, नवं लुगडं नेसून. त्यांनी सगळ्यात आधी आपली टपरी शोधली. ती जागेवर होती, स्टेशनच्या दारासमोर. मग नकाशावरची तीच जागा बजरंगानं पेनानं दाखवली. बाईंचा हात गळ्यातल्या बोरमाळेकडं गेला. पण त्या शहाण्या होत्या, लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी माझी तार सुटली होती म्हणून फकीरभाईंना बोलावलं होतं. त्यांना छबुबाईंनी बाजूला घेतलं.

"फकीरभाई, तुमच्या हातचं हाय हे. मला खरं सांगा. ही जागा हाय का?"

फकीरभाईंना सगळं ठाऊक होतं. ते भोक, ती विहीर, सगळं. एका शब्दाचं काम होतं. पण आजूबाजूला माणसं 'कलामहर्षी, कलामहर्षी' करत होती, खांद्यावर तीच शाल होती, आणि चार पावलांवर सुंदरराव हसत उभे होते.

"असंल की," फकीरभाई म्हणाले. "एवढी मोठी माणसं उगं कावून करतील?"

माझ्या पोटात टायमर टिकटिकत होता. मला वाचा असती तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. माझ्या धन्याचा मला राग आहे आणि तो या एका वाक्याचा आहे. सुंदरराव काय, ते तसेच होते. फकीरभाई तसे नव्हते.

बोरमाळ गेली. दोन शेळ्या गेल्या. स्टँडची जागा छबुबाईंनी स्वतःहून सोडली, आयुष्यात पहिल्यांदा कोणी ऊठ न म्हणता.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. रुळांचा भराव पडला तो खापरवाडीपासून तीन कोसांवरून. माळावर वर्षभर पताका फडफडल्या, मग फाटल्या. छबुबाईंनी आपल्या प्लॉटवर बांबू रोवून पाहिले. तिथं ना रस्ता, ना पाणी, ना माणूस. शेळ्या राखणाऱ्या पोरांना त्यांनी दोन महिने चहा पाजला. परत आल्या तर स्टँडवर त्यांच्या जागी मोबाईलच्या कव्हरचं दुकान लागलेलं. आता त्या एका खानावळीत भांडी घासतात.

मी तोवर सुंदररावांच्या बैठकीत कोपऱ्यात पडून होतो. माझ्यावर वर्तमानपत्रं पडली, पानाची पिंक उडाली, कोणाच्या तरी पाहुण्यानं फलाटावर चहाचा कप ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. इंजिन गंजून बंद पडलं. मला वाटलं, सुटलो.

गेल्या महिन्यात बजरंग मला टेम्पोत घालून परत फकीरभाईंच्या दुकानात घेऊन आला.

"भाई, गाडी चालू करून द्या. कडा गावाच्या पलीकडं एका गावात न्यायचाय. पाटी तेवढी बदला, नाव नंतर सांगतो."

बजरंग गेल्यावर फकीरभाईंनी मला कपड्यानं पुसलं. मग घण उचलला. मी मनातून म्हटलं, घाला. खरंच म्हटलं. त्यांचा हात वर गेला तो वरच राहिला. समोर त्यांची ती पिवळी पाटी होती. त्यांनी घण खाली ठेवला आणि माझ्या शेजारी फरशीवर बसून राहिले. मला जन्म दिला तो त्यांचा गुन्हा नव्हता. त्या दिवशी मोडलं नाही, तो मात्र होता.

छबुबाईंना कोणीतरी सांगितलं असावं. दुपारी त्या आल्या. हात साबणानं पांढरे पडलेले. फकीरभाई उठून उभे राहिले. नजर वर नाही.

"छबुबाई, मला शिव्या द्या."

"शिव्या देऊन काय करू? मी तुमाला इच्यारलं व्हतं, फकीरभाई. सुंदररावाला न्हाई इच्यारलं. तुमाला इच्यारलं व्हतं."

बस, एवढंच. आवाज चढला नाही. मग त्या वाकल्या, माझ्या स्टेशनच्या दारासमोरची टपरी दोन बोटांत धरली आणि हळूच हलवू लागल्या. फेविकॉल जुना झाला होता, तरी निघता निघेना. फकीरभाईंनी पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर घालून ती मोकळी करून दिली. पातं निसटलं आणि मेणाच्या बाईची किटली मोडली.

"असू द्या," छबुबाई म्हणाल्या. "माझी जागा हाय, नेते घरी. एवढीच मिळाली."

पदराच्या गाठीत टपरी बांधून त्या गेल्या. माझ्या अंगावर तिथं एक चौकोनी डाग राहिलाय, वाळलेल्या डिंकाचा.

त्यानंतर फकीरभाईंनी इंजिन दुरुस्त केलं. केलंच. त्यांना नाही म्हणता येत नाही, हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. पण पाटी बदलली नाही. उलट लाल ऑइलपेंटचा डबा उघडला आणि माझ्या पुढच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं: 'हे खेळणं हाय. इथं स्टेशन न्हाई.' खाली आपलं नाव घातलं. 'कलामहर्षी' न लावता.

बजरंग आला, त्यानं वाचलं. मला वाटलं आता भांडण होणार. तो नुसता हसला.

"राहू द्या भाई, खोडू नका. आपून हार लई मोठा आणलाय."

झेंडूचा हार होता, चार बोटं जाड. त्यानं तो माझ्या पुढच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत खिळ्यांनी अडकवला. एक अक्षर दिसत नव्हतं. फकीरभाई शटरला धरून उभे होते. त्यांनी पुढं होऊन तो काढला नाही.

आता मी टेम्पोत आहे. टेम्पो खड्ड्यात आदळला की माझ्या बाभळी हलतात. पुढचं गाव कुठलं, मला सांगितलेलं नाही. कदाचित तुमचंच असेल. मला टेबलावर मांडतील, अगरबत्ती लावतील, गाडी येईल आणि फलाटाशी थांबेल. तुम्हाला हात जोडावेसे वाटतील. जोडू नका. स्टेशनच्या दारासमोर एक चौकोनी डाग दिसेल, तो बघा. आणि बोरमाळेला हात लावायच्या आधी पुढं या आणि माझ्या अंगावरचा हार तेवढा बाजूला करा.