चौदा पांढऱ्या बाटल्या

धनीबाई नाकावर माशी बसू देत नसे. तांड्यावरच्या बचत गटाची ती नऊ वर्षं अध्यक्ष होती. बँकेत गेली की साहेब उठून खुर्ची द्यायचे, आणि कागद पुढं आला की पदर सावरून ती अशी झोकात सही ठोकायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई निदान दहावी तरी असेल. खरं म्हणजे त्या सहीपलीकडं तिला एक अक्षर येत नव्हतं. कागद वाचून दाखवायला गटातली एक पोरगी असायची, आणि ती गोष्ट तांड्याबाहेर कधी गेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दिवाळीनंतर मुलानं तिला आर्णीला नव्या घरी आणलं, तेव्हाही मूठ झाकलेलीच होती. सून अर्पिता यवतमाळची, डी.एड. झालेली, पहिलीच्या वर्गाला शिकवणारी, सासूला तांड्याच्या रीतीनं 'याडी', म्हणजे आई, म्हणणारी. तिच्यापुढं अडाणी ठरायचं? त्यापेक्षा उपाशी राहणं बरं. पेपर पुढं आला की धनीबाईचा चष्मा हरवायचा, आणि तेवढ्यावर भागायचं.

पंचाईत केली ती बाथरूममधल्या कपाटानं. तसं ते कपाट म्हणजे नुसता उकिरडा होता. उघडलं की दोन बाटल्या अंगावर यायच्या. आत शाम्पूच्या रिकाम्या पुड्या, सुकून खडखडीत झालेले साबणाचे तुकडे, दात पडलेले कंगवे, गुडघ्याचं तेल, फिनाइल आणि संडासचं ॲसिड, सगळी मंडळी खांद्याला खांदा लावून. पण धनीबाईचं त्यात कधी अडलं नाही. वाकड्या मानेची हिरवी बाटली खुशीच्या शाम्पूची, लांबोडी काळी फिनाइलची, बुटकी ॲसिडची. चार वर्षांच्या खुशीला रोज आंघोळ घालायची ती धनीबाईनंच. नातीच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात तिला खपत नसे.

मग एका रविवारी अर्पितानं पदर खोचला. मोबाइलवर कुठं तरी तसं कपाट पाहिलं होतं म्हणे. पोतंभर कचरा निघाला, जुन्या बाटल्या भंगारात गेल्या, आणि फळ्यांवर चौदा पांढऱ्या बाटल्या ओळीनं उभ्या राहिल्या. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच झाकणाच्या. प्रत्येकीवर सुबक अक्षरातली चिठ्ठी.

"पाहा याडी, कसं मस्त दिसून राह्यलं! आता कोणालेच काही शोधा नाही लागत."

"हाव वं, मस्त," धनीबाई म्हणाली. तिच्या पायाखालची फरशी सरकली होती.

सोमवारी तिनं कपडे धुवायच्या लिक्विडनं डोकं धुतलं. केस वाळले ते केरसुणीसारखे. खुशीनं हुंगून जाहीर केलं, "दादी, तुझ्या डोक्याले माझ्या युनिफॉर्मचा वास येते!" सगळे हसले, तीही हसली.

मंगळवारी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. डोकं ओलं करून, डोळे घट्ट मिटून खुशी पाटावर बसली होती. धनीबाईनं बाटलीतलं तळहातावर घेतलं आणि हात चरचरला. ॲसिड! तिनं हात नळाखाली धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. ते त्या लेकराच्या डोळ्यात गेलं असतं तर? पुढचा विचार तिच्यानं करवेना.

बुधवारी ती म्हणाली, "माहा गुडघा दुखून राह्यला. तूच घाल वं तिले आंघोळ."

खुशीनं भोकाड पसरलं. बाथरूमचं दार लागल्यावर धनीबाईनंही डोळे पुसले. गुडघा ठणठणीत होता.

गुरुवारी दुपारी घर रिकामं झालं. सुनेला सांगावं तर इतक्या वर्षांची शान मातीत, न सांगावं तर नात परकी. धनीबाई थोडा वेळ कपाळाला हात लावून बसली. मग उठली आणि ट्रंक उघडली. तिच्या लग्नातल्या घागऱ्याचे तुकडे अजून आत होते, भिंगांचे, कवड्यांचे, लोकरीच्या फुंद्यांचे. तांड्यावर तिच्यासारखा कशिदा काढणारी दुसरी नव्हती, हे ती स्वतःच सांगायची आणि ते खोटंही नव्हतं.

एकेक बाटली तिनं उघडली, लांबूनच वास घेतला. वासानं कळलं नाही तिथं काडीचं टोक बुडवून पाण्यात फेस काढून पाहिला. मग प्रत्येक बाटलीच्या गळ्यात बसेल असा पट्टा शिवला. खुशीच्या शाम्पूला कवडी, तिच्या स्वतःच्या शाम्पूला तीन गाठी, तेलाला गुळगुळीत भिंग, फिनाइलला खरखरीत सुतळी. ॲसिडला घुंगरू, म्हणजे हात लागण्याआधीच ते बोंबलेल. वर ती बाटली कपाटातून काढून पार उंचावरच्या कोनाड्यात ठेवली. पाच वाजता तिनं मागं सरून पाहिलं. झक्कास!

खुशी आधी घरी आली, तिला धनीबाईनं तिच्या शाम्पूची कवडी दाखवली. मग अर्पिता शाळेतून आली, तोंड धुवायला गेली आणि थबकली.

"याडी, चिठ्ठ्या होत्या ना. मग हे कायले?"

"शोभेसाठी" हे उत्तर जिभेवर तयार होतं. तेवढं म्हटलं असतं तर मूठ झाकलेलीच राहिली असती. पण दुपारभर लढवलेली अक्कल शोभेच्या खात्यात जावी, हे धनीबाईला सोसेना.

"मले वाचता नाही येत," ती ताठ मानेनं म्हणाली. "सही येते, तेवढीच. मंगळवारी पोरीच्या डोक्याले मी ॲसिड लावत होती. म्हणून हे केलं. आता मले कोणाले विचारा नाही लागत."

अर्पिताचा चेहरा उतरला. ॲसिड त्या बाटलीत कुणी ओतलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती हळूच म्हणाली, "मी शिकवीन तुम्हाले वाचाले."

"शिकव ना. पण पह्यले तू पास हो." धनीबाईनं तिच्याच ओढणीनं तिचे डोळे बांधले. "आंघोळीत डोये मिटलेलेच असते. काढ खुशीचा शाम्पू."

मास्तरीणबाई चाचपडल्या. ही बाटली, ती बाटली, परत ही. शेवटी एक ठामपणे उचलली.

"फिनाइल," धनीबाई म्हणाली. "नापास."

"मम्मी, कवडीवाली!" दारातून खुशी ओरडली. तिलाही अजून वाचता येत नव्हतं.

अर्पितानं ओढणी सोडली. ती नखानं पहिल्या बाटलीवरची चिठ्ठी सोलायला लागली.

धनीबाईनं तिचा हात धरला.

"राहू दे वं," ती मायेनं म्हणाली. "तुले लागते त्या."