थोरलीच्या शाळेचा 'अ'

आक्कांची थोरली लेक सरकारी शाळेची मुख्याध्यापिका होती आणि त्या शाळेला राज्याने 'अ' श्रेणी दिली होती, हे गल्लीत ज्याला ठाऊक नव्हतं तो एक तर बहिरा असावा किंवा कालच राहायला आलेला. आक्का स्वतः चौथीतून घरी बसलेल्या. पण तो 'अ' त्यांनी असा मिरवला होता, की ते अक्षर जणू त्यांनीच शोधून काढलं.

म्हणून रविवारी दोन्ही लेकरं जेवायला बसली आणि धाकट्याने बातमी सांगितली, तेव्हा आक्कांचा आनंद गगनात मावेना. धाकटा शिक्षण खात्याच्या तपास विभागात होता. मागच्या खेपेच्या पथकाने कितीतरी शाळा न बघताच 'अ' वाटून टाकले होते, त्याची आता चौकशी लागली होती. "आणि ताई, तुझ्या शाळेला मीच येतोय," तो म्हणाला.

"घरचंच काम म्हणायचं," आक्का म्हणाल्या. "जेवायलाही घरीच ये."

थोरलीने हातातला घास खाली ठेवला. "खरं ते लिहिणार आहेस ना? मला तो 'अ' नकोय."

"काय नकोय?" आक्कांचा डाव हवेतच राहिला.

"आई, त्या पथकाने माझ्या खोलीत बसून चहा प्यायला आणि गेले. प्रयोगशाळेचं छत गळतंय, स्वच्छतागृहं मोडलीत. पैसे मागायला गेलं की खात्यातला कारकून हसतो. म्हणतो, तुम्ही 'अ'वाल्या, तुम्हाला कसली दुरुस्ती? आधी 'क' आणि 'ड'वाले."

"खरं लिहिलं तर नुसता 'अ' नाही जाणार," धाकटा म्हणाला. "मान्यताच गेली तर शाळेला कुलूप. मुलं जातील गावाच्या दुसऱ्या टोकाला, अन् तू बसशील घरी."

"मी तुझी बहीण आहे हे सांगितलंस खात्यात?"

"लग्नानंतर तुझं आडनाव बदललं. कोण विचारतंय?"

"नियम आहे ना तसा!"

"नियम पाळला तर कात्री येईल, कात्री!"

कात्री म्हणजे त्याच्याच विभागातल्या एक अधिकारी बाई. मान्यता कापण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे, म्हणून पाठीमागे हे नाव.

"येऊ दे कात्री. तुझी मेहेरबानी नको मला."

"बघ आई! हिच्यासाठी मी नोकरी पणाला लावतोय आणि हिची ही मिजास!"

"दोघंही गप्प बसा आणि जेवा," आक्का गरजल्या. पण मनातून त्या धाकट्याच्या बाजूने होत्या. आयता मान मिळतोय आणि ही मुलगी त्याला लाथ मारतेय! शिकून शिकून डोकं फिरलंय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून आक्का लेकीचे कान उपटायला शाळेत निघाल्या. आजवर त्या फाटकाच्या आत कधी गेल्या नव्हत्या. फाटकाला मात्र रंग छान होता. थोरली वर्गात होती, म्हणून आक्का मागच्या व्हरांड्यात थांबल्या. इतक्यात मधली सुट्टी झाली आणि दोन वेण्यांची एक मुलगी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आजी, जरा दार धरता का? माझी मैत्रीण आज आली नाहीये."

"कसलं दार?"

मुलीने स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं. दाराला कडी नव्हती, कडीच्या जागी नुसतं भोक होतं. सोडलं की दार आपोआप सताड उघडायचं. आक्का काही बोलायच्या आत मुलगी आत गेलीसुद्धा. आता काय करणार? ठेवणीतले कपडे सांभाळत आक्कांनी दार दाबून धरलं. ती बाहेर आली तोवर दुसरी उभी. तिच्यामागे तिसरी. दार धरायला भक्कम माणूस मिळालंय ही बातमी शाळाभर झाली आणि बघता बघता रांग लागली.

"तुम्ही रोज येणार का आजी?" रांगेतल्या एकीने विचारलं. "म्हणजे मग मी सकाळी पाणी पिऊन येत जाईन."

"आत्ता नाही पीत?"

"नाही. कोणी दार धरणारं नसलं तर पंचाईत होते."

सुट्टी संपेपर्यंत त्या दार धरून उभ्या होत्या. थोरली धावत आली.

"आई! तू इथे काय करतेस?"

"तुझ्या 'अ'ची राखण करतेय," आक्का म्हणाल्या, आणि तिचे कान न उपटताच घरी गेल्या.

त्या संध्याकाळी धाकट्याला चपला काढायचीही फुरसत मिळाली नाही. "आधी साहेबांना फोन लाव. सांग, माझ्या बहिणीची शाळा आहे, दुसऱ्याला पाठवा."

"आई, मान्यता गेली तर?"

धास्ती आक्कांनीही घेतली होती. पण ती दाखवतील तर त्या आक्का कसल्या! "गेली तर तुझ्या ताईला घेऊन खात्याच्या दारात बसेन. मी रोज तिथे बसणं तुझ्या साहेबांना झेपेल का, तेही विचार."

धाकट्याने मुकाट्याने फोन लावला. बोलणी खाल्ली, पण वेळेवर सांगितलं म्हणून नोकरी वाचली.

कात्री आल्या त्या दिवशी आक्का सकाळपासून आत-बाहेर करत होत्या. दूध उतू घालवलं आणि शिव्या दुधालाच दिल्या. संध्याकाळी थोरली आली ती पर्स फेकून मटकन खालीच बसली.

"काय झालं? कापली?"

"मी एकेक खोली स्वतःच उघडून दाखवली. छत, दारं, सगळं. मग त्या वर्गात बसल्या. मुलांना प्रश्न विचारले, पोरांनी फटाफट उत्तरं दिली. जाताना म्हणाल्या, बाई, इतकी वर्षं शाळा तपासतेय, मोडक्या खोल्यांची किल्ली नेमकी तपासणीच्या दिवशी हरवते. तुमची कशी नाही हरवली?"

"मग?"

"हसल्या, आई! कात्री हसल्या!"

निकाल आला तो असा: शिकवणं चोख, मान्यता कायम, श्रेणी 'क', दुरुस्तीला तातडीने पैसे. आणि चहा पिऊन गेलेल्या पथकाकडे खुलासा मागितलेला. धाकट्याने मुद्दाम विचारलं, "आई, आता गल्लीत काय सांगणार?"

"'क' मिळाला म्हणून सांगणार. खरा आहे. कोणाला बघायचा असेल त्याने शाळेत जाऊन बघावा."

सुतार आला त्या दिवशी आक्का त्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला हजर होत्या. कडी बसल्यावर त्या स्वतः आत गेल्या, कडी लावली आणि आतून आवाज दिला, "ओढ!"

सुताराने ओढलं. दार हललं नाही.

"जेवला नाहीस का? जोरात ओढ!"

सुताराने दोन्ही हातांनी ओढलं, पोरींनीही हात लावला. दार हललं नाही. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही, तेव्हा सुतार घाबरला. "आक्का, ठीक आहात ना?"

"ठीक आहे रे," आक्का आतून म्हणाल्या. "आता जरा निवांत बसू दे की. चला पोरींनो, पळा इथून, पाणी प्या!"