खंडेनवमीचे बूट

रंगरावांचा एक हट्ट होता आणि तो साऱ्या वर्कशॉपला ठाऊक होता. खंडेनवमीच्या पूजेआधी मशीन धुवायचं तर पायात काही घालायचं नाही. तळवड्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. खुद्द मालक अजिमशेठ त्या दिवशी दारातच चपला काढून आत यायचे, मग बाकीच्यांची काय टाप!

शेडच्या मधोमध जमिनीत कूलंटची टाकी होती. लोखंड कापताना तापू नये म्हणून मशीनवर दुधासारखं पाणी सोडतात ना, ते वापरून झालं की सगळं त्या टाकीत येऊन पडायचं. गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी शेड उघडलं की असा काही वास सुटायचा, की नवीन पोरं नाक दाबून बाहेर पळायची. रंगराव त्यांना हसायचे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, एकजण आत उतरून ती टाकी घासून काढायचा.

गेल्या वर्षी ती पाळी निरंजनची होती. निरंजन हा रंगरावांचा एकुलता एक, बापाच्याच शेजारच्या मशीनवर कामाला. उन्हाळ्यात मोशीजवळ टेम्पोनं त्याच्या गाडीला उडवलं होतं. नडगीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. आता तो चालत होता, पण नडगीवरची एक जखम काही केल्या पुरती भरत नव्हती. म्हणून अजिमशेठनी त्याच्यासाठी मुद्दाम गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले होते. निरंजननं ते चढवलेही होते.

"काढ ते," रंगराव म्हणाले.

"आबा, जखम वली हाय अजून."

"देवाच्या कामात बूट? आजवर कुनी घातले न्हाईत. वरनं हळद लाव, काय हुत न्हाई."

निरंजननं बापाकडं पाहिलं, मान हलवली आणि बूट काढून कोपऱ्यात ठेवले. गुणाचं पोर ते! बापाचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नाही. दुपारपर्यंत तो त्या घाणीत गुडघाभर उभा राहून घासत होता, आणि रंगराव काठावर उभे राहून कौतुकानं बघत होते.

दिवाळीत ताप आला. मग जखमेतून हिरवट पू यायला लागला. गोळ्या घेतल्या की थांबायचा आणि गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू. असं दोन-तीनदा झाल्यावर सुनेनं, विजयश्रीनं, कुणाचं न ऐकता नवऱ्याला चिंचवडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं डॉक्टर वर्षाली भेटल्या. वयानं लहान, पण समजावून सांगायला कंटाळायच्या नाहीत.

"जंतू सळईला चिकटलेत," त्या म्हणाल्या. "स्वतःभोवती बुळबुळीत थर करून आत बसलेत. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांना मारायला येतात, पण त्या थरातून आत शिरता येत नाही. काही तर हाडाच्या पेशींमध्येच लपलेत. औषध आलं की निपचित पडून राहतात. औषध थांबलं की उठतात."

रंगराव कान देऊन ऐकत होते. "म्हंजे बाई, कूलंट कितीबी बदला, टाकीच्या भिंतीचा बुळबुळा निघत न्हाई, तसंच की."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. "कसली टाकी, काका?"

रंगराव टाकीचं सांगू लागले आणि बूट काढायला लावले तिथवर येऊन थांबले. विजयश्री सासऱ्याकडं बघतच राहिली.

सळई काढली, हाड खरवडलं. ताप हटेना. एकही औषध लागू पडत नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी एक शेवटची वाट सांगितली. जंतूंनाही खाणारे विषाणू असतात, माणसाला ते काही करत नाहीत. पण प्रत्येक जंतूचा वैरी वेगळा, तो हुडकावा लागतो. ओळखीच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी निरंजनच्या पायातले जंतू पाठवले होते. "जंतू जिथं राहतो, तिथंच त्याचा वैरी मिळण्याची आशा जास्त," त्या म्हणाल्या. "त्या टाकीतला गाळ आणून द्याल? मिळाला तर पाय वाचेल."

पाय वाचेल! रंगराव तडक तळवड्याला गेले. टाकीच्या तळाचा काळा गाळ त्यांनी बाटलीत भरला, बूच घट्ट लावलं, आणि बसमध्ये ती बाटली दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. रंगरावांना त्याचं भान नव्हतं. 'ह्यात असू दे रं देवा,' एवढंच त्यांच्या तोंडी होतं.

प्रयोगशाळेला वेळ हवा होता. निरंजनच्या अंगात तेवढा वेळ उरला नव्हता. विष रक्तात उतरलं, लघवी थांबली. डॉक्टर म्हणाल्या, आता पाय की माणूस, एवढंच ठरवायचं. विजयश्रीनं सही केली. पाय मांडीपासून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर वर्षाली वॉर्डाबाहेर आल्या, हातात फोन तसाच. "सापडला," त्या हळूच म्हणाल्या. "त्या गाळातच होता. त्यानं जंतूंचा थर फोडून दाखवला." त्यांनी फोन खिशात ठेवला. "जपून ठेवतील. आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

रंगराव भिंतीला टेकत खाली बसले. "म्याच काढाय लावले गं बूट," ते सुनेला म्हणाले.

"हो आबा, तुम्हीच," विजयश्री म्हणाली. मनात साचलेलं ते तिला बोलायचंच होतं. बोलली आणि तोंडाला पदर लावून रडली. मग उठली, नळावरून पाणी आणलं, आणि ग्लास त्यांच्या हातात दिला.

यंदाही खंडेनवमी आली. निरंजन आता शेडमध्येच मालाच्या तपासणीला बसतो. टाकीत उतरायची पाळी कुणाची, हा विषय कुणी काढेना. रंगराव कोपऱ्यात गेले. वर्षभर तिथंच धूळ खात पडलेले ते गमबूट त्यांनी फडक्यानं पुसले आणि मशीनला हात जोडले. "रागावशील तर माज्यावर रागाव," ते म्हणाले आणि बूट चढवून टाकीत उतरले.

"सैल हुत्यात का, आबा?" निरंजननं विचारलं.

"व्हय रं. तुज्या मापाचे हायत."

"असू द्या, ठेवा तुमालाच. मला कुठं आता दोन लागत्यात?"

तो हसला. दुसरं कुणीच हसलं नाही. रंगरावांच्या हातातला ब्रश गळून पडला आणि तो थोराड माणूस त्या घाणीतच मटकन बसून पोरासारखा हुंदके देऊ लागला. निरंजनला खाली उतरता येईना. त्यानं कुबड्या बाजूला टाकल्या, टाकीच्या कडेला जमिनीवर बसला आणि वाकून बापाच्या डोक्यावर हात ठेवला.